जुना बंब, जुनं धुराडं

डिसेंबरात नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरला, की आम्हाला बंब आठवतो. यंदा भांडीबाजारातून जुना तांब्याचा आणला. "न्हाणीतल्या धुराड्याखाली ठेवा, धूर जाईल आपोआप," गवंडी म्हणाला. कसला जातोय! सगळा वाड्यात. विटांचं ते धुराडं चुलाणाच्या मोठ्या जाळासाठी बांधलेलं. बंबाचा एवढासा धूर त्या रुंद पोकळीत गार होतो आणि वर चढतच नाही. माझं विचाराल तर बंबाच्या नळीला पत्र्याचा पाइप जोडून थेट कौलांच्या वर काढावा, भोवतीची फट बुजवावी. इथे पैसे वाचवू नयेत. आणि न्हाणीची खिडकी उघडीच हवी. धूर डोळ्यांना कळतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. आई मात्र थंडी वाजते म्हणून खिडकी लावून घेते. रोज सकाळी आमचं यावरून वाजतं.