एका शहरी साप्ताहिकाची शंभर वर्षें

करमणुकीच्या नियतकालिकांविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं, हें आमच्या नित्याच्या वाचकांस ठाऊकच आहे. शहरांत कोणतें नाटक लागलें आहे, कोणत्या उपाहारगृहांत गर्दी उसळते, कोणत्या दुकानीं कसलें कापड आलें आहे, असल्या वार्तांस सरस्वतीच्या दरबारीं मानाचें आसन कशाला, असें आम्ही पुष्कळदां म्हणत आलों. तथापि अमेरिकेंतील ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकास २०२५ सालीं शंभर वर्षें पुरीं झालीं, त्या निमित्तानें त्याचा पूर्ववृत्तांत आम्हीं चाळला, आणि आमचें मत थोडें सैल करावें लागलें.

हें पत्र काढणारा हॅरल्ड रॉस न्यू यॉर्कचा नव्हे. तो कोलोरॅडोकडील खाणींच्या मुलखांत जन्मलेला. शाळा त्यानें अर्ध्यावर टाकली. (हें वाक्य लिहितांना आम्हां मास्तर मंडळींचा हात जरा अडखळतो.) वर्तमानपत्रांत उमेदवारी करीत तो पहिल्या महायुद्धाच्या वेळीं पॅरिस येथें अमेरिकन शिपायांच्या पत्रांत कामास लागला. त्याची पत्नी जेन ग्रँट ही ‘न्यू यॉर्क टाइम्स’ची बातमीदार. या दोघांच्या संसारांतील शिल्लक आणि यीस्टच्या धंद्यांत नांवाजलेल्या घराण्यांतील राउल फ्लाइशमन याचें भांडवल, एवढ्यावर २१ फेब्रुवारी १९२५ रोजीं पंधरा सेंट किंमतीचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर उंच टोपी घातलेला एक छानछोकीचा गृहस्थ एकभिंगी चष्म्यांतून फुलपांखरू न्याहाळीत आहे. आयोवा प्रांतांतील डुब्यूक गांवच्या म्हातारीसाठीं हें पत्र नाहीं, असें तर रॉसनें आधींच जाहीर केलें होतें. शहाण्यानें म्हातारीस असें दुखवूं नये. आमच्या घरीं मासिक प्रथम कोणाच्या हातीं पडतें, तें आम्ही रोज पाहतों.

पंधरा हजारांचा खप ऑगस्टांत तीन हजारांच्या खालीं आला. मे महिन्यांतच पत्र बंद करण्याचें जवळजवळ ठरलें होतें. पुढें नोव्हेंबरांत एलिन मॅके नांवाच्या धनाढ्य घरच्या मुलीनें, आपल्या बरोबरीच्या कुळांतील नाचसमारंभ सोडून आपण सार्वजनिक नाचघरांत कां जातों, हें त्यांत लिहिलें. दैनिकांनीं तो विषय उचलला आणि गाडें मार्गास लागलें. येथवर आमचें जुनें मत कायमच राहतें.

परंतु १९२७ सालीं एक प्रकार घडला. एडना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीच्या चरित्रलेखांत चुका निघाल्या आणि तिच्या आईनें त्या पदरांत घातल्या. तेव्हांपासून छापण्यापूर्वीं प्रत्येक नांव, सन, अंतर पडताळून पाहण्याची पद्धति त्या कचेरींत रुजली. शाळा सोडलेला हा रॉस स्वल्पविरामाच्या बाबतींत कोणत्याही पंतोजीस हार जाणारा नव्हता. मुद्रितांबरोबर तो क्रमांक घालून शंकांची यादीच पाठवी. अपरिचित नांव आलें कीं ‘हा कोण?’ असें विचारी. त्या पत्राच्या स्फुट सदराचा लेखकही पूर्वीं स्वतःस ‘आम्ही’ म्हणवी, हें वाचून आम्हांस उगीचच आपलेपणा वाटला.

या शिस्तीची खरी परीक्षा १९४६ सालीं झाली. जॉन हर्सी हा लेखक हिरोशिमास जाऊन आला. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं तेथें अणुबाँब पडला. त्यांतून वांचलेल्या सहा माणसांची हकीकत त्यानें लिहिली. दोन डॉक्टर, एक जर्मन पाद्री, एक जपानी धर्मोपदेशक, कचेरींतील एक तरुण कारकून स्त्री, आणि आपलीं तीन मुलें ढिगाऱ्यांतून उपसून काढणारी एका शिंप्याची विधवा. मजकूर सुमारें तीस हजार शब्दांचा. तो चार अंकांत वांटून द्यावयाचा बेत होता. पण विल्यम शॉन या रॉसच्या सहकाऱ्यानें, सारा एकाच अंकांत छापावा व दुसरें कांहीं घालूं नये, असा आग्रह धरला. रॉस कित्येक दिवस घुटमळला. अखेर त्यानें आपलाच पहिला अंक काढून उद्देशाचा लेख वाचला. आरंभींच गंभीर हेतूचा उल्लेख होता. मग त्याची पेन्सिल चालूं लागली. सायकल ही चपटी वस्तु, ती ‘एका अंगास बेढब’ कशी होईल? या प्रसंगीं दिवसाचे किती वाजले आहेत, हें वाचकास कसें कळावें? एवढ्या मोठ्या संहारांत असल्या बारीक शंका काढणें कोणास क्षुद्र वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जेथें एक लाखावर माणसें दगावल्याचें सांगावयाचें, तेथें सायकलीविषयीं चुकणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

३१ ऑगस्ट १९४६ चा तो अंक निघाला. त्यांत व्यंगचित्रें नाहींत, कथा नाहीं, गप्पा नाहींत; राहिल्या त्या जाहिराती आणि नाटकांची यादी. असा अंक आमच्या एकत्र कुटुंबांत आला असता तर? सूनबाई पाककृतीचें पान शोधतील, नातवंडें कोडें शोधतील, आणि आम्ही स्वतः, खरें सांगावयाचें तर, आमचें सदर कां गाळलें म्हणून संपादकांस पत्र धाडूं. तेथें मात्र कांहीं तासांतच अंक संपले, आणि नभोवाणीवर चार रात्रीं तो मजकूर वाचून दाखविण्यांत आला.

मुखपृष्ठ तेवढें बदललें नव्हतें. त्यावर उन्हाळ्यांतील एक बाग आहे; कोणी पोहत आहे, कोणी खेळत आहे, कोणी गवतावर पहुडलें आहे. दुकानांत विकावयाच्या अंकांभोंवतीं, आंत काय आहे याची सूचना देणारी एक पांढरी कागदी पट्टी ऐनवेळीं गुंडाळण्यांत आली.