माळ पडीक नव्हे

दिवाळीची सुटी लागली कीं आमचे पालक मोटार ठरवितात आणि मुलांसह महाबळेश्वराकडे निघतात. हल्लीं तर बिछाना, चूल व न्हाणी आंतच असलेल्या गाड्या निघाल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनें 2021 सालीं अशा प्रवासाकरितां स्वतंत्र धोरणच मंजूर केलें. फिरावयास आमची हरकत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, डोंगर पाहावयास निघालेला वैरागकर घराजवळचा माळ पाहत नाहीं, आणि न पाहतांच त्यास पडीक म्हणून मोकळा होतो.

वैरागहून एका दिवसांत डोंगर व माळ दोन्ही पाहतां येतात. पहाटे सोलापूरच्या रस्त्यानें निघावें, वडाळा मागें टाकावा आणि नान्नज येथें वनखात्याची परवानगी घेऊन थांबावें. येथील माळढोक अभयारण्य 1979 सालचें आहे. धांवत्या गाडींतून तेथें पिवळ्या रंगापलीकडे कांहीं दिसत नाहीं. खालीं उतरावें, म्हणजे कुसळी, मारवेल, पवन्या अशीं गवतें निरनिराळीं ओळखूं येतात. चंडोल ऐकूं येतो. दैव असेल तर काळविटांचा कळपही दिसतो. दुपारीं उलट फिरून धाराशिवमार्गें येडशीस जावें. तेथें बालाघाटाची कड तुटते व दरींत रामलिंगाचें देऊळ लागतें. येथें मुलें न सांगतां गाडींतून उड्या टाकतात. माळाजवळ मात्र त्यांना उतरवावें लागतें, आणि उतरविणारा बहुधा कोणी नसतो.

वास्तविक फिरतें घर आम्हांस नवें नाहीं. धनगराचें बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या पाठीवर याच माळांवरून चाललें आहे. त्याचीं मेंढरें गवतावर जगतात. तींच रात्रीं शेतांत बसविलीं म्हणजे शेतास खत मिळतें. गवताचीं मुळें मुरुमावरची पातळ माती धरून ठेवितात व पावसाचें पाणी जिरवितात. इतकें काम करणाऱ्या भूमीस पडीक कोणत्या न्यायानें म्हणावें?

अमेरिकेंत प्रेअरी नांवाचीं अफाट गवताळ मैदानें होतीं. 1837 सालीं जॉन डीअर यानें पोलादी नांगर तयार केला, आणि पुढें तीं मैदानें भराभर नांगरलीं गेलीं. उंच गवताच्या प्रेअरीपैकीं आज शेंकडा चार भागही उरलेला नाहीं. दक्षिणेकडील कोरड्या मैदानांवर अवर्षण आलें तेव्हां उघडी माती वाऱ्यावर उडाली. 14 एप्रिल 1935 रोजीं तेथें भरदिवसा अंधार पडला.

आमच्याकडे हानि निराळ्या रूपानें झाली. माळढोकाची मादी उघड्या भूमीवर बहुधा एकच अंडें घालते. पक्षी वजनदार, उडतांना विजेच्या तारा त्यास वेळेवर दिसत नाहींत. माळ नांगरले गेले, तुकडे पडले. संपूर्ण देशांत आतां हे पक्षी सुमारे दीडशेच्या आंतबाहेर उरले असून त्यांतले बहुतेक राजस्थानांत आहेत. डॉ. सलीम अली यांनीं ज्यास राष्ट्रीय पक्षी करावें असें सुचविलें होतें, तो हाच. तो मान 1963 सालीं मोरास मिळाला. मोर सुंदर आहे, याबद्दल आमचें भांडण नाहीं. पण मोरास कोणी विसरलें नसतें.

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, ती कित्येकांस रुचणार नाहीं. वृक्षारोपणाचा उत्साह आला कीं रिकामी जागा म्हणून प्रथम माळच सुचतो. माळढोकास चोहोंकडे दूरवर दृष्टि पोहोंचावी लागते. झाडांची दाटी झाली कीं तो ती जागा सोडतो. गवतही सावलींत खुरटतें. येत्या पावसाळ्यांत विद्यार्थ्यांनीं झाडें अवश्य लावावीं. शाळेचें आवार, रस्त्याची कड, ओढ्याचा कांठ, गांवांतील अंगणें, येथें जागा मुबलक आहे. माळावर मात्र खड्डे खणूं नयेत.