विंचवाचे बिऱ्हाड आणि अक्कलकोटचा रस्ता

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. पण विंचवाला कधी शॉकअप बदलावे लागत नाहीत, ही त्याची केवढी सोय! माणसाने मात्र बिऱ्हाड मोटारीच्या पाठीवर चढवले की दोन-तीन यात्रांतच हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ‘कॅराव्हॅन’ पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा पुष्कळांना ही कल्पना नवी वाटली. वास्तविक आषाढीच्या वाटेवर दिंडीमागून जाणारा ट्रक पाहा. तंबू, पातेली, शेगड्या, धान्याची पोती, वळकट्या असा सारा संसार त्यात असतो. माणसे पायी आणि घर चाकावर! आता तीच युक्ती कुटुंबवत्सल मंडळींनी उचलली आहे. एखादी छोटी ट्रक किंवा पिकअप घ्यायची, तिच्या हौद्यावर पत्र्या-प्लायवूडची खोली बसवायची, आत दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी, आणि मग तुळजापूर, सोलापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी सहकुटुंब फेरी. (आपल्याकडे दोन ओळींच्या केबिनच्या पिकअपलाही ‘कॅम्पर’ म्हणतात. तो वेगळा. आपला कॅम्पर म्हणजे खोलीवाला.)

सोलापूरहून अक्कलकोट अवघे चाळीस किलोमीटर. पण गाडीची परीक्षा घ्यायला तेवढे पुरतात. हा सारा काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा रस्ता कितीही गुळगुळीत केला, तरी पाया कच्चा राहिला की तो मातीबरोबर हळूहळू लाटा घेऊ लागतो. शहरातल्या खड्ड्याने गाडी दणकते. या लाटांवर ती डुलते. त्यात डोक्यावर खोली! स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीची. त्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे लाटा, ओझे आणि ऊन अशी तिन्ही संकटे एकाच वेळी.

अशी गाडी अंबारीच्या हत्तीसारखी झुलू लागली की मागे बसलेल्या आजींचे तोंड कडू होते, वळणावर सुनेच्या हातचा डबा निसटतो आणि घरात एकमुखी ठराव पास होतो: ‘‘शॉकअप गेले. चांगले कडक टाकून घ्या!’’ या ठरावाला आमचा नम्र विरोध आहे, आणि आजचा सगळा मजकूर त्या विरोधाच्या समर्थनार्थ आहे.

मुळात या वस्तूचे नावच फसवे. शॉकॲब्झॉर्बर, म्हणजे धक्का पिणारा. पण धक्का पितात ते कमानीचे पाटे. शॉकअप वजनही उचलत नाही. तेही पाट्यांचेच काम. म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मग हे नळकांडे करते तरी काय? धक्का पिऊन दबलेला पाटा उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. घरात एखाद्याचा राग अनावर झाला की एक वडीलधारे माणूस शांतपणे ‘पुरे आता’ म्हणते ना, तेच काम शॉकअपचे. नळीत तेल असते आणि तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या. दट्ट्या सरकायचा तर तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत उसळीचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. जुन्या टांग्याला शॉकअप नव्हते. तिथे पाटे एकमेकांवर घासून उसळी जिरवीत. पण टांग्याचा वेग तो किती आणि ओझे ते किती!

हे ध्यानात आले की खरेदीचा क्रम उलटा होतो. आधी दुकान नव्हे, आधी वजनकाटा. साखर कारखान्यांच्या आणि बाजारपेठांच्या या जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. प्रवासाला निघताना असते तशी, टाकी भरून, सिलिंडर चढवून, सामान आणि माणसे घेऊन गाडी काट्यावर घाला. एकदा पूर्ण आणि एकदा फक्त मागची चाके. मग आकडे बोलू लागतात. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण टाकीसकट तो तिसाच्या आसपास जातो. गाद्या, भांडी, बॅटऱ्या आणि ‘असू दे गं, लागेल’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू काट्यावर हजेरी लावते. हा आकडा कंपनीने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तर जगातला कोणताही शॉकअप ती मर्यादा वाढवून देत नाही. ओझे उतरवणे हाच उपाय.

वजन मर्यादेत असूनही गाडी मागे बसलेली दिसते? तर दोष पाट्यांचा. तुटलेला पाटा बदलावा, थकलेले पाटे जाणत्या कारागिराकडून ठीक करून घ्यावेत. आणि वळणावर गाडी एका अंगाला कलून तशीच राहत असेल, तर तो इलाजही शॉकअपपाशी नाही. शॉकअप कलण्याची घाई कमी करतो. कल कमी करतात ते पाटे आणि आडवा अँटी-रोल बार. अर्धी भरलेली पाण्याची टाकी हाही एक छुपा शत्रू, कारण आतले पाणी हेलकावते आणि गाडीला आपल्यामागे ओढते.

एवढे झाल्यावर आता खुशाल शॉकअपची पाळी. ते खरोखर गेले आहेत का? नळीवरून तेल ओघळले असेल, टोकाचे रबरी बुश फाटले असतील, टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील, तर संशयाला जागा आहे. जुने मेकॅनिक आणखी एक खूण सांगतात. खराब रस्त्याने आल्यावर गाडी उभी करून नळ्यांना सावकाश हात लावून पाहावा. काम करणारी नळी तापलेली असते. सगळ्या गरम आणि एकच थंड असेल, तर त्या थंड गृहस्थांनी राजीनामा दिला आहे असे समजावे.

नवे निवडताना एक गोष्ट विसरू नये. मालगाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. तिचे मूळ शॉकअप दोन्ही स्थितींना बेताबेताने चालतील असे केलेले असतात. तुमचे बिऱ्हाड मात्र बारा महिने भरलेलेच! म्हणून भरलेल्या गाडीला शोभतील असे, थोडे ताकदीचे शॉकअप घ्यावेत. थोडे, सगळ्यांत कडक नव्हे. फार कडक नळी उसळलेल्या चाकाला वेळेवर खाली येऊ देत नाही. एका लाटेतून चाक सावरते न सावरते तोच दुसरी लाट हजर; गाडी दबत दबत जाते, टायर रस्त्याला नीट चिकटत नाही आणि ब्रेक दाबल्यावर ती हवी तिथे थांबत नाही. आजींची कंबर वाचवायला गेलो आणि सगळ्यांचाच जीव टांगणीला लावला, असा प्रकार.

‘गॅसचे घ्या’ असा सल्लाही मिळेल. गॅस वजन उचलण्यासाठी नसतो. दाबाने भरलेला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, एवढेच त्याचे मुख्य काम. पण आपल्या उन्हात आणि लाटांवर ते मोलाचे, कारण फेसाळलेले तेल उसळी जिरवू शकत नाही. एकेरी नळीचा शॉकअप लवकर थंड होतो. मात्र दगड लागून तिला पोचा पडला की आतला दट्ट्या तिथेच अडतो. दुहेरी नळीचा प्रकार असा मार जास्त सोसतो, पण तापतोही जास्त. डांबरी रस्त्याने लांब जाणाऱ्याने पहिला घ्यावा, खडीच्या वाटेने गावोगाव हिंडणाऱ्याने दुसरा.

लांबी मोजल्यावाचून पैसे देऊ नयेत. भरलेली गाडी सपाटीवर उभी करून वरच्या-खालच्या खिळीतले अंतर मोजावे. नव्या नळीला तिथून वर आणि खाली दोन्हीकडे सरकायला जागा उरली पाहिजे. पाटे वाढवून गाडी उंच केली असेल, तर जुन्या मापाची नळी ताणून तुटण्याची भीती. जोडी एकदमच बदलावी, बुशही नवे घालावेत आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत.

शेवटी कायद्याची गोष्ट. गाडीच्या बांधणीतल्या बदलाला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. आणि गाडी चालू असताना माणसांनी पट्टा लावून आसनावरच बसावे. मागच्या खोलीत पहुडू नये. बिछाने मुक्कामासाठी आहेत.

अक्कलकोटच्या रस्त्यावर ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ असे मागे रंगवलेल्या कितीतरी गाड्या दिसतात. ते अभयवचन मनापासून मानणाऱ्यानेच आधी काट्यावर जावे. स्वामी पाठीशी आहेतच. पाठीवर काय आणि किती आहे, ते बघण्याचे काम मात्र त्यांनी आपल्यावर सोपवले आहे.