नवी फाइल सिस्टिम, जरा दमानं!

सर्व्हरवर नवी फाइल सिस्टिम आणताना घाई नको, हे माझं ठाम मत आहे. या आठवड्यात एका तरुण अ‍ॅडमिननं ‘बीटीआरएफएस आता काय नवं राहिलंय?’ असं विचारलं. बरोबर आहे, २००९ साली ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. स्नॅपशॉट झकास, आणि चेकसममुळे डिस्कवर गुपचूप खराब झालेला डेटा वाचतानाच पकडला जातो. सुसेनं आपल्या एंटरप्राइज सर्व्हरच्या रूटसाठी २०१४ मध्ये तेच निवडलं. रेड हॅटनं मात्र आरएचईएल ८ मधून ते काढूनच टाकलं. दोघंही जाणते, म्हणून तर आपण थांबून बघायचं. ईएक्सटी४ आठवा. ईएक्सटी३चा थेट वारस, घरचाच मुलगा. तरी २००९ मध्ये मशीन अचानक बंद पडलं की काहींच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसायच्या. जुन्या फाइलीच्या जागी नवीचं नाव लागलेलं असायचं, पण आतला मजकूर मेमरीतून डिस्कवर उतरलेलाच नसायचा! प्रोग्राम ‘एफसिंक’ करत नव्हते हे खरं, पण जुन्या सिस्टिममध्ये ते सहसा खपून जायचं, आणि असल्या सवयी लोकांच्या रोजच्या वापरातच उघड्या पडतात. म्हणून नवी सिस्टिम आधी बॅकअपच्या दुसऱ्या प्रतीवर चालवा, दर महिन्याला स्क्रब करा, लिहिणं चालू असताना मुद्दाम वायर ओढा, मग सगळं रिस्टोर करून पाहा. तोवर पगाराचा डेटाबेस एक्सएफएसवरच राहू द्या.