मुदत संपत आलेला कामगार आणि वैद्याचे कर्तव्य

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि भोवतालच्या गावांचे रूप पालटू लागले. पुढे टेल्को व बजाज यांचे मोठे कारखाने उभे राहिले. १९९९ मध्ये बजाजने आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनने चाकण परिसरात उत्पादन सुरू केले. या पट्ट्यातील पहिल्या पिढीच्या कामगारांपैकी पुष्कळ जण कायम नोकरीत होते व त्या भरवशावर त्यांनी चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे घरे बांधली. आज आपल्या चिकित्सालयांत येणारा तरुण कामगार मात्र बहुधा कंत्राटदाराकडचा, प्रशिक्षणार्थी अथवा ठराविक मुदतीचा असतो. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आयटीआय करून तो येतो आणि खराबवाडी, निघोजे वा महाळुंगे येथे चौघापाचांत एक खोली घेऊन राहतो. त्याच्या नेमणुकीवर अखेरची तारीख आधीच लिहिलेली असते.

ही मुदत अनेक ठिकाणी सहा-सात महिन्यांचीच का असते, हे आपण जाणून घेतले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती एक वर्षाची अखंड सेवा धरली जाई आणि तिच्यामागून काही हक्क येत. ते दिवस भरण्यापूर्वीच नाव कमी करण्याची व काही काळाने पुन्हा घेण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. कामगार तिला ‘ब्रेक’ म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून थेट मुदतबंद नेमणूक असलेल्यास एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. परंतु मुदतीची टांगती तलवार त्यामुळे दूर झालेली नाही.

आमचा मुद्दा या मुदतीच्या अखेरच्या तीन-चार आठवड्यांविषयी आहे. या काळात कामगाराकडून असलेल्या अपेक्षा नकळत बदलतात. ज्या कामासाठी त्याला घेतले त्यात भर पडते. रविवारी बोलावणे येते. नव्याने आलेल्या मुलास काम शिकविण्यास सांगितले जाते. “तुझं नाव पुढे पाठवलंय, बघू,” एवढेच पर्यवेक्षक म्हणतो. त्या ‘बघू’वर विसंबून तो दुखणे लपवितो, रजा टाळतो आणि दोन पाळ्या सलग करतो. खोलीचे भाडे पुढच्या महिन्याचे द्यावे की गावी परतावे, हे त्यास ठरविता येत नाही. मग आम्लपित्त, मलावष्टंभ, कटिशूल, निद्रानाश अशी लक्षणे घेऊन तो आपल्यापुढे बसतो व म्हणतो, “डॉक्टर, महिनाभर निभेल असं काहीतरी द्या.”

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तीन एषणा सांगितल्या आहेत. त्यांत प्राणैषणा प्रथम, धनैषणा त्यानंतर आणि परलोकैषणा शेवटी. धनैषणेस आचार्यांनी कमी लेखलेले नाही. उपजीविकेवाचून दीर्घायुष्य हे पापच मानावे, इतक्या तीव्रतेने ते बोलतात. तथापि क्रम त्यांनी विचारपूर्वक लावला आहे. मुदतीच्या अखेरीस हाच क्रम उलटा होतो. पंचविसाव्या अध्यायात सर्व अपथ्यांत आयास, म्हणजे अतिश्रम, आणि रोग वाढविणाऱ्या भावांत विषाद हे अग्रस्थानी सांगितले आहेत. या कामगाराच्या ठिकाणी दोन्ही एकाच वेळी उपस्थित असतात.

अशा रुग्णास आपल्यापैकी अनेक जण सांगतात : रात्रपाळी सोडा, वेळेवर जेवा, चिंता करू नका. हा उपदेश शास्त्रास धरून आहे, परंतु तो पाळणे रुग्णाच्या हाती नाही. जे पथ्य पाळता येणार नाही ते सांगून वैद्य मोकळा होतो, रुग्ण मात्र होता तेथेच राहतो. आमच्या मते येथे प्रश्नपरीक्षेत एका प्रश्नाची भर घातली पाहिजे : “तुमची मुदत केव्हा संपते, आणि गेल्या महिन्यात कामात काय बदलले?” या उत्तरावाचून निदान अपुरे राहते.

उत्तर मिळाल्यावर पथ्य त्या दिवसांच्या मापाने द्यावे. रात्रपाळीहून आलेल्याने जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे, हा वाग्भटाचार्यांचा सल्ला चार जणांच्या खोलीतही पाळता येतो. निजण्यापूर्वी पायांस तिळतेल लावणे खर्चाचे नाही. साखळीवर काम करताना मूत्राचा वेग रोखला जातो काय, हे आवर्जून विचारावे. अधारणीय वेगांच्या प्रकरणाचे असे उदाहरण आपल्या पट्ट्यात रोज पाहावयास मिळते. शोधनासारखे उपचार कामाच्या ऐन घाईत न करता ‘ब्रेक’च्या काळासाठी राखावेत. त्या काळात रुग्णाची मिळकत बंद असते, याचे भान शुल्क घेताना ठेवावे.

दाखल्याच्या बाबतीत वैद्याने ताठ राहावे. विश्रांती आवश्यक असेल तर तसे स्पष्ट लिहावे. कामावर जाता यावे म्हणून प्रकृती ठीक असल्याचा खोटा दाखला देऊ नये, आणि रजेसाठी खोटे आजारपणही लिहू नये. दोन्हींमुळे पुढे खऱ्या रुग्णाच्या दाखल्याची किंमत जाते.

आपण वकील नव्हे. तरी तीन गोष्टी रुग्णास सांगाव्यात. पहिली, मुदतवाढीचे आश्वासन मिळाले तर ते लेखी मागावे, निदान तारीख तरी विचारावी. ‘नाही’ असे उत्तर आले तरी चार आठवडे आधी कळलेला नकार दुसरी नोकरी शोधण्यास वेळ देतो. दुसरी, कायद्याने ठरलेल्या तासांपलीकडील कामास दुप्पट दराने वेतन देय असते. त्याची स्वतःची नोंद ठेवावी. तिसरी, राज्य कामगार विमा योजनेत नाव असल्यास वैद्यकीय लाभ नोकरी सुटली त्याच दिवशी संपतो असे नाही. उदाहरणार्थ, एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरले गेले असेल, तर पुढील जानेवारी ते जून हा त्याचा लाभकाळ असतो. चिंचवडच्या मोहननगर येथील योजनेच्या रुग्णालयाचा मार्ग पुष्कळांना केवळ या अज्ञानामुळे बंद वाटतो.

हा अनुभव वैद्यवर्गास परका नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आपले कितीतरी बीएएमएस पदवीधर अकरा महिन्यांच्या करारावर काम करीत आले आहेत. करार संपत आला की वाढणारे काम व न मिळणारे उत्तर त्यांनीही सोसले आहे. म्हणून या कामगाराची अवस्था त्यांना तरी समजावून सांगावी लागू नये.

मुदतवाढ देणे वैद्याच्या हाती नाही. परंतु मुदत संपल्यावर तो तरुण गावी परतो वा दुसऱ्या फाटकावर उभा राहो, त्याचे शरीर कामास योग्य राहावे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. आपल्या सभासदांनी पुढील तिमाहीत असा रुग्ण आल्यास वरील प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तरानुसार चिकित्सेत काय बदल करावा लागला ते या अंकासाठी कळवावे, अशी आमची विनंती आहे. रुग्णाचे व कारखान्याचे नाव मात्र कळवू नये.