पडद्यावरचे वार्धक्य आणि घरातले वार्धक्य



दवाखान्यात येणारे ज्येष्ठ हल्ली औषधांबरोबरच ‘डॉक्टर, सध्या काय पाहण्यासारखे आहे?’ असेही विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. गुडघे साथ देईनासे झाले की तापडिया नाट्यमंदिर किंवा संत एकनाथ रंगमंदिरातला प्रयोग दूरचा वाटू लागतो. मग दिवसाचा बराच वेळ दूरचित्रवाणीसमोर किंवा नातवाने लावून दिलेल्या मोबाइलसमोर जातो. पाहिलेले मनात मुरते आणि मनात मुरलेले घरातल्या वागण्यात उतरते. म्हणून या अंकात काही नाटके, चित्रपट आणि माहितीपटांविषयी माझी मते मांडतो आहे. मी समीक्षक नव्हे. माझा निकष वैद्याचा आहे. कलाकृती पाहून उठल्यावर घरातल्या वृद्धाकडे आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याकडे आपण अधिक समजुतीने पाहू लागतो का, एवढेच मी पाहतो.

आरंभ अर्थातच ‘नटसम्राट’पासून. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर पाहिलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे, आणि २०१६ च्या चित्रपटाने ते नातवंडांपर्यंतही पोहोचवले. नाटकाच्या थोरवीविषयी वाद नाही. माझी तक्रार आपण त्याचा जो अर्थ घरी नेला त्याविषयी आहे. घरात दोन पिढ्यांचे बिनसले की वडील गणपतराव ठरतात आणि सून किंवा मुलगी कृतघ्न ठरते. वास्तविक शिरवाडकरांनी अप्पांचा अहंकार आणि हट्टही झाकून ठेवलेला नाही. शिवाय हयातीतच सर्वस्व मुलांना देऊन टाकण्याचा निर्णय अप्पांचाच होता. ज्येष्ठांनी या नाटकातून एक व्यावहारिक धडा जरूर घ्यावा. राहते घर आणि औषधपाण्यापुरता पैसा स्वतःच्या नावे असू द्यावा. बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात सांभाळाची अट लिहून घ्यावी. अशी अट असूनही सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ते रद्द करून मागता येते.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त कोणी खलनायक नाही. एक मुलगा परदेशी स्थिरावलेला, दुसरा देशासाठी गेलेला, आणि मागे उरलेले नाना-नानी. शेवटी हे जोडपे आपले जीवन संपवते. हे नाटक मला ‘नटसम्राट’पेक्षा अधिक खरे वाटते. तरीही ते एकट्याने पाहू नये, आणि मन खचलेल्या ज्येष्ठाला तर मुळीच एकट्याने पाहू देऊ नये, असे मी सांगेन. कारण नाटकात जे अटळ वाटते, ते प्रत्यक्षात अटळ नसते. वृद्धपणीचे नैराश्य हा उपचाराने सुधारणारा आजार आहे. ‘वयच झाले आता’ या वाक्याखाली तो दडून राहतो. अन्नावरची वासना उडणे, पहाटे लवकर जाग येऊन मग झोप न लागणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, ‘आता पुरे झाले’ असे वारंवार म्हणणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे ही लक्षणे दिसली तर ती वयाच्या खात्यावर टाकू नका. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मी प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याला आवर्जून सुचवतो. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री डॉ. मोहन आगाशे यांनी साकारले आहेत. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या नजरेतला गोंधळ पाहताना ते जाणवते. मुलगी गाडीतून उतरून जरा बाजूला होते, आणि शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे चालू लागतात. अमृता सुभाष यांनी रंगवलेली माहुताची पत्नी त्यांना तान्ह्या मुलासारखे जपते. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मला सर्वांत खरी वाटली ती मुलीची ओढाताण. तिचे प्रेम आणि तिचा थकवा एकाच वेळी खरे आहेत. चित्रपट यांपैकी कशालाच दोष देत नाही.

आपल्या घरी अशी चिन्हे असतील तर दोन गोष्टी कराव्यात. वृद्धाच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. आणि लवकरात लवकर तपासणी करावी, कारण थायरॉइडची कमतरता, ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा चालू असलेली औषधेही विस्मरणाला कारणीभूत असू शकतात. ती कारणे दूर करता येतात.

याच विषयावरचा चिलीमधील माहितीपट ‘द इटर्नल मेमरी’ (२०२३) शक्य झाल्यास पाहावा. पत्रकार आउगुस्तो गोंगोरा यांना अल्झायमर होतो आणि त्यांची अभिनेत्री पत्नी पाउलिना त्यांचा सांभाळ करते. तिच्या प्रेमाइतकीच तिची दमणूकही कॅमेरा दाखवतो. आपल्याकडे हे ओझे बहुधा एकाच सुनेवर किंवा एकाच मुलीवर पडते. बाकीचे नातलग दूरध्वनीवरून सल्ले देतात. त्यांना माझी विनंती आहे की सल्ल्याऐवजी आठवड्यातली एक दुपार द्या.

‘अलाइव्ह इनसाइड’ (२०१४) या अमेरिकी माहितीपटात शून्यात बसलेले वृद्ध तरुणपणीची गाणी कानी पडताच बोलू लागतात. ते पाहून संगीताने आजार बरा होतो असे मात्र समजू नये. तरी उपाय निर्धोक आहे. आईला अभंग आवडत असतील तर अभंग, वडिलांना नाट्यगीते आवडत असतील तर नाट्यगीते, रोज थोडा वेळ, हळू आवाजात लावावीत.

‘श्वास’ (२००४) नातवाच्या डोळ्यांच्या कर्करोगाची कथा सांगतो, पण मला तो आजोबांचा चित्रपट वाटतो. डोळे काढावे लागणार हे मुलाला सांगितल्यावाचून शस्त्रक्रिया करायची नाही, हा डॉक्टरांचा आग्रह मला मोलाचा वाटतो. आपल्या घरांत नेमके उलटे घडते. ‘बाबांना काही सांगू नका’ असे मुले माझ्या कानात सांगतात, आणि बाबांना सारे कळलेले असते. मग दोन्ही बाजू एकमेकांपासून तेच दुःख लपवत बसतात.

‘व्हेंटिलेटर’ (२०१६) हसवत हसवत त्याच प्रश्नाचे पुढचे टोक दाखवतो. गजूकाका अतिदक्षता विभागात, बाहेर सारा गोतावळा जमलेला, आणि निर्णय कोणी घ्यायचा हे कोणालाच ठाऊक नाही. काकांची इच्छा आधी कोणी विचारलेलीच नसते. आता यासाठी मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. विषय अशुभ वाटत असेल, तर चित्रपट पाहून झाल्यावर काढावा. निमित्त आयते मिळते.

दैनंदिन मालिकांविषयी मात्र मला कडक बोलावे लागेल. डोक्याला मार लागून गेलेली स्मृती दुसऱ्या माराने परत येत नाही. यंत्रावर सरळ रेघ आली की विजेचा झटका देत नाहीत. तेव्हा छाती दाबणे आणि औषधे हाच उपचार असतो. याहून घातक आहे तो मालिकांमधला हृदयविकाराचा झटका. छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस पाहून पाहून आपण तशाच वेदनेची वाट पाहतो. वृद्धांमध्ये आणि विशेषतः मधुमेहींमध्ये छाती न दुखताही झटका येतो. अचानक धाप, दरदरून घाम, कमालीचा अशक्तपणा किंवा मळमळ, एवढेच दिसते. अशा वेळी ‘पित्त झाले असेल’ म्हणून रात्र काढू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

शेवटी पाहण्याच्या पथ्याविषयी. गंभीर विषयाचा चित्रपट झोपण्यापूर्वी पाहू नये, सायंकाळी पाहावा. ऐकू कमी येत असेल तर आवाज वाढवण्यापेक्षा पडद्याखालच्या ओळी सुरू कराव्यात. तासाभराने उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे. आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने पाहावे. संपल्यावर ‘कोणाचे चुकले?’ असे न विचारता ‘आपल्या घरी असे झाले तर तुम्हाला काय आवडेल?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.