गाजर गवत, मिलो आणि अमेरिकेची 'सुरक्षा': परदेशी मदत नेमकी कशावर ठरते?

परभणीत शेताच्या बांधावर, रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचं गाजर गवत सगळ्यांनीच पाहिलंय. १९५०च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि त्याचं बी अमेरिकी गव्हासोबत आलं, असं मानलं जातं. तो गहू यायचा 'पी. एल. ४८०' या अमेरिकी कायद्याखाली.

पण अमेरिका गहू देत का होती?

कायदा १९५४चा. तिथली गोदामं ओसंडून वाहत होती, हे एक कारण. दुसरं शीतयुद्धाचं. उपाशी देश कम्युनिस्टांकडे झुकतील, ही वॉशिंग्टनची भीती. भारतालाही सौदा सोयीचा होता, कारण पैसे रुपयांत द्यायचे, डॉलर लागत नव्हते.

खरी किंमत दुष्काळात कळली. १९६६ मध्ये भारतानं सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोठे करार टाळून गहू थोडा थोडा सोडायला सुरुवात केली. 'आधी शेती सुधारा' हा त्यांचा आग्रह होता आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. पण व्हिएतनाममधल्या बॉम्बफेकीवर भारत टीका करतो, हेही त्यांना झोंबत होतं. इकडे जहाज बंदराला लागेल तेव्हा रेशनवर धान्य, अशी गत.

मग १९७१. बांगलादेश युद्धात निक्सन सरकार पाकिस्तानच्या बाजूनं होतं, कारण चीनशी बोलणी पाकिस्तानमार्फत सुरू झाली होती. डिसेंबरमध्ये भारताची आर्थिक मदत रोखली गेली.

पुढच्याच वर्षी मराठवाडा होरपळला. लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. तेव्हा रेशनवर मिळालेली लाल ज्वारी, म्हणजे 'मिलो', परभणीतली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. मिलो अमेरिकेतून आली खरी, पण या वेळी भारतानं बाजारात पैसे मोजून धान्य घेतलं होतं. उपाशी माणसं तीच होती, वॉशिंग्टनचं गणित तेवढं बदललं होतं.

२०२५ मध्ये हे गणित उघडच मांडलं गेलं. जानेवारीत ट्रम्प सरकारनं परदेशी मदत थांबवली. प्रत्येक डॉलरमुळे अमेरिका अधिक सुरक्षित, बलवान आणि समृद्ध होते का, हा निकष परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केला. १ जुलैला 'यूएसएड'चं कामही बंद झालं. सुरुवातीच्या स्थगितीतून तातडीची अन्नमदत वगळली होती. लष्करी मदतीत सूट मिळाली ती इस्रायल आणि इजिप्तला.